दारात समुद्र हवा!

रत्नागिरीत पोराबाळांसह तंबूत राहायला येणाऱ्यांची पहिली अट ठरलेली असते, समुद्र दारात हवा. समुद्राची काही हरकत नसते. दिवसातून दोनदा भरतीला तो येतोच, अमावास्या-पौर्णिमेला तर थेट अंथरुणात! मग वरचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, सुचतो. तिथल्या जांभ्यात खुंट्या ठोकताना बाबांचं तोंड बघावं, पण तोंडातून निघालेलं मुलांनी ऐकू नये. माडाखाली सावली छान, फक्त नारळ पाहुणा बघून पडत नाही. फुरशासारख्या सापांची चौकशी कुणी करत नाही. मोबाईल चार्जिंगची सगळे करतात. संडास किती लांब, हे रात्री दोनला धाकटी विचारते, तेव्हा बॅटरी गाडीत असते आणि गाडी आरे-वारेच्या चढावर.