टाचदुखी जोपासा, घरच्या घरी

पाठदुखी आता कुणालाही होते, तिचं कौतुक राहिलेलं नाही. चारचौघांत लंगडत येऊन खुर्ची मिळवायची असेल, तर टाचदुखीच हवी. नवशिक्यांसाठी हा सोपा अभ्यासक्रम.

१. चप्पल पारखून घ्या. तळ झिजलेली, एका अंगाला कललेली जुनी चप्पल सर्वोत्तम. ‘घरात वापरायला होईल’ म्हणत ती जपून ठेवा. नवी घ्यायचीच तर सकाळी घ्या. संध्याकाळपर्यंत पाय जरा सुजलेले असतात. त्या वेळी घेतलेली चप्पल नेमकी बसते आणि सगळं मुसळ केरात जातं.

२. ओटा सोडू नका. गुळगुळीत फरशीवर, अनवाणी, पहिल्या चहापासून रात्रीच्या झाकपाकीपर्यंत उभे राहा. भाजी निवडायलासुद्धा बसू नका. बसलात की लोक आळशी म्हणतात, आणि टाचेलाही आराम पडतो.

३. व्यायाम एकदम सुरू करा. वर्षभर सोफा, शनिवारी नवे बूट, रविवारी दहा किलोमीटर. हळूहळू अंतर वाढवणाऱ्यांच्या पदरी काहीच पडत नाही.

४. पहाटेचा सोहळा चुकवू नका. पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाका. ‘आई गं!’ असं उमटलं, एक हात भिंतीवर आणि दुसरा कपाटाच्या मुठीवर गेला, की तुम्ही उत्तीर्ण. आठ-दहा पावलांनी कळ ओसरते. तेव्हा ‘बरं वाटतंय’ असं जाहीर करून विषय संपवा. टाचेच्या हाडापासून बोटांच्या बुडापर्यंत एक जाड पट्टा असतो, प्लांटर फॅशिया. तो रात्रभर आखडतो आणि पहिल्या पावलाला ताणला जातो. हे वाचलंत तसं विसरा. नाहीतर पोटऱ्या ताणा, तळव्याखाली बर्फाची बाटली फिरवा, असले फुकटचे उपाय सुचू लागतील. ते नेटाने केले, तर बहुतेकांची टाच काही महिन्यांत बरी होते. एवढ्या कष्टाने कमावलेलं दुखणं असं घालवायचं?

५. एक्स-रे काढा आणि टाचेचं वाढलेलं हाड पाहुण्यांना दाखवा. असं हाड टाच अजिबात न दुखणाऱ्या अनेकांनाही असतं, ही बातमी मात्र बाहेर फुटू देऊ नका.

६. निदान शेजारी करा.
‘काकू, डॉक्टरांना दाखवू का?’
‘डॉक्टर काय टाच बघणार? वीट तापव, वर रुईचं पान ठेव आणि शेक.’
वरच्या मजल्यावरचे काका युरिक ॲसिड सांगतील, मेहुणा कॅल्शियम. तिघांचंही एकाच आठवड्यात ऐका, म्हणजे कुणाला वाईट वाटणार नाही.

७. किरकोळ शस्त्रक्रिया स्वतः करा. कुरूप ब्लेडने तासा. अंगठ्याचं नख सरळ न कापता कोपऱ्यांत खोलवर कोरा. नख मांसात शिरून ठणकू लागलं, की तुमचा पुढचा वर्ग सुरू झाला.

८. पायांच्या तज्ज्ञापासून सावध राहा. पोडियाट्रिस्ट आपल्याकडे मुळात कमी, त्यामुळे ‘मिळत नाही’ ही सबब तयारच आहे. पण अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट गावोगावी असतात, हा खरा धोका. ते तुमची चप्पल उलटी करून झीज बघतात. अनवाणी चालायला लावतात, पोटरी किती आखडली आहे ते तपासतात. मग बुटात घालायला पावलाच्या कमानीला आधार देणारा इनसोल आणि रोजचा व्यायाम सांगतात. यात दुखणं टिकत नाही.

मधुमेह्यांना मात्र या अभ्यासक्रमात प्रवेश नाही. त्यांच्या पायांची जाणीव कमी होऊ शकते. मग चपलेतून वर आलेला खिळाही कळत नाही आणि न दुखणारी जखम आत चिघळत जाते. रोज रात्री आरसा धरून तळवे बघा. वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून पाय तपासून घ्या. नायलॉनच्या बारीक तंतूने तळव्याची संवेदना तपासायला दोन मिनिटं लागतात. जखम दिसली, तर दुखायची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.