पॉझिटिव्ह कुठली?

काकांना तुम्ही ओळखता. पुण्यात असले तर सोसायटीच्या टाकीची किल्ली त्यांच्याकडे असते. ठाण्यात असले तर लिफ्टच्या मेकॅनिकला ते शेजारी उभे राहून शिकवतात. आमचे काका मिशिगनमध्ये आहेत, म्हणून त्यांच्याकडे मोटरहोम होतं. १९९१ सालचं, फोर्डच्या ई-३५० चासीवर बांधलेलं. पुढे ट्रकचं तोंड आणि मागे वन बीएचके. डेट्रॉइटच्या मोटारधंद्यात जन्म काढलेल्या माणसाने निवृत्तीनंतर येलोस्टोन बघावं, इतक्या साध्या हेतूने ते घेतलं होतं. पहिल्याच आठवड्यात काकांच्या लक्षात आलं की स्टिरिओ फक्त डावीकडून वाजतो.

तुम्ही-आम्ही असतो तर डावीकडे सरकून बसलो असतो. काकांनी डॅशबोर्ड उघडला. तो पुढे काही वर्षं उघडाच होता.

त्याच सुमारास त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक पेन्सिल सेल येऊन बसला आणि आमच्या मराठी मंडळाची शांतता संपली. स्पीकरच्या वायरी भिंतीतून आल्या की दोन्ही सारख्याच दिसतात. मग त्यांना हा दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवायचा. टक् असा आवाज होतो. स्पीकरचा पडदा बाहेर आला तर सेलच्या पॉझिटिव्हला लागलेली वायर पॉझिटिव्ह. आत गेला तर उलट. उलटी जोडली तर आवाज येतोच, पण हा स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हा समोरचा मागे ओढतो, आणि खर्ज मधल्या मध्ये मरतो. याला आउट ऑफ फेज म्हणतात. हे मला सगळं पाठ आहे, कारण मी हे दिवाळी पहाटेला, मुंजीत, डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये आणि एकदा स्मशानातून परतताना ऐकलेलं आहे.

सेल खिशात आल्यावर जग दोनच प्रकारचं उरलं. कमिटीची मीटिंग फिसकटली की काका म्हणायचे, "माणसं चांगली आहेत रे, फेज उलटी लागलीय." गणपतीच्या आरतीत सगळा हॉल टाळ्या वाजवत असताना ते मान तिरकी करून ऐकत आणि नंतर प्रसाद घेता घेता कुजबुजत, "मागची रांग आउट होती." कुणाच्या मुलीचा साखरपुडा मोडला, तर आम्ही हळहळतोय आणि हे विचारतायत, "जोडण्याआधी टेस्ट केलं होतं का?" काकू एकदा कंटाळून म्हणाल्या, "चाळीस वर्षं झाली, एकदा माझीपण बघून घ्या पॉझिटिव्ह कुठली ती." काकांनी खिशात हात घातलाही होता.

रविवारच्या मराठी शाळेत बाई आजारी पडल्या म्हणून एकदा काकांना वर्गावर पाठवलं. विषय होता रंग. अमेरिकेत बाजारात मिळणाऱ्या कार स्टिरिओच्या वायरींचे रंग ठरलेले असतात: पिवळी कायम बॅटरीला, लाल किल्लीवर, काळी चासीला, मग पांढरी पुढच्या डाव्या स्पीकरला, करडी पुढच्या उजव्याला, हिरवी मागच्या डाव्याला, आणि ज्या वायरीवर काळी रेघ ती निगेटिव्ह. वार्षिक परीक्षेत 'जांभळा रंग कशाचा?' या प्रश्नाला सगळ्या वर्गाकडून वांगं किंवा जांभूळ असं उत्तर अपेक्षित होतं. एका पोराने लिहिलं, मागचा उजवा. काकांनी पूर्ण मार्क दिले.

आता इथे मला नाइलाजाने एक कबूल करावं लागतं, की काका बरोबर होते. त्यांचा मुलगा थँक्सगिव्हिंगला सिअ‍ॅटलहून आला. आधी त्याने टेबलावर ब्लूटूथ स्पीकर ठेवायचा सल्ला दिला. तो काकांनी ऐकू न आल्यासारखा केला. मग बाप झोपलेला असताना त्याने नवा सेट आणून जुन्या वायरींना जोडला. पडद्यावर 'प्रोटेक्ट' असं आलं आणि सेटने डोळे मिटले. मोटरहोमला मूळ जो सेट होता त्यात, जुन्या बऱ्याच सेट्समध्ये असे तसं, स्पीकरची परतीची वायर सरळ चासीला बांधलेली होती. आजच्या सेटमध्ये दोन्ही वायरींमागे अ‍ॅम्प्लिफायर असतो. त्यातली एकही चासीला लागली की सेट स्वतःला बंद करतो, नाहीतर जळतो. म्हणजे नवा सेट हवा तर प्रत्येक स्पीकरपर्यंत दोन-दोन नव्या वायरी न्यायलाच हव्यात. काका मुलाला रागावले नाहीत. जेवताना त्यांनी त्याला आग्रह करकरून श्रीखंड वाढलं.

वायरी न्यायच्या म्हणजे माझं मरण. जुनी वायर ओढून तिच्या शेपटीला नवी बांधावी, तर जुन्या वायरी भिंतीतल्या लाकडाला स्टेपल मारून बसवलेल्या. मग छताच्या आणि प्लायच्या मधल्या बोटभर पोकळीतून पोलादी पट्टी सरकवायची. काका पलंगाखाली, मी कपाटात, तोंडात टॉर्च. "ढकल... थांब... ओढ... अरे ओढ म्हटलं, उपटायला नाही सांगितलं!" पोकळीतून उंदरांनी थंडीसाठी केलेली बिऱ्हाडं निघाली. नवी वायर सोळा गेजची, आणि तांब्याचीच. तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम नाही ना, हे काका चाकूने खरवडून बघायचे. सांध्यांवर नुसती टेप गुंडाळायची परवानगी नव्हती, कारण उन्हाळ्यात टेपचा डिंक पाझरतो. आणि मोटरहोममध्ये बॅटऱ्या दोन: एक इंजिनाची, एक घराची. सेट इंजिनाच्या बॅटरीवर लावला आणि कॅम्पवर रात्रभर गाणी ऐकली तर सकाळी गाडी सुरू होत नाही. घराच्या बॅटरीवर लावला तर हिवाळ्यात ती तोडून ठेवल्यावर सेटची स्मरणशक्ती जाते. कुठल्या बॅटरीवर लावावा यावर काकांनी एक आख्खा हिवाळा विचार केला. बाहेर बर्फ, डॅशबोर्ड उघडा, आणि हा माणूस स्वयंपाकघरात आलेखाच्या कागदावर स्विच काढतोय.

प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना काकांनी चिठ्ठी लावली, मराठीत. मागचा डावा म्हणजे मा. डा., मागचा उजवा मा. उ. मला ती कुठल्यातरी उद्घाटनाच्या पत्रिकेतली नावं वाटायची. माननीय डावे आणि माननीय उजवे एकाच पॅनेलमध्ये शांतपणे बसलेत, हे मंडळात कधी जमलं नाही.

एका जूनच्या संध्याकाळी काम संपलं. आम्हा सगळ्यांना मोटरहोममध्ये बोलावून मधोमध बसवलं, बोलायला बंदी. काकांनी भीमसेन जोशींचं एक जुनं ध्वनिमुद्रण लावलं. गाणं सुरू व्हायच्या आधी नुसता तानपुरा लागला. तो कुठल्याच कोपऱ्यातून येत नव्हता. आम्ही त्याच्या आत होतो. खर्ज बाकाच्या फळीतून पाठीला लागत होता. एरवी वाक्या-वाक्याला टोकणाऱ्या काकू डोळे मिटून बसल्या होत्या. मला खूप काही म्हणावंसं वाटलं, पण काकांना एकदा चांगलं म्हटलं की ते तीन तास पुरतं, म्हणून मी नुसतं "ठीक वाजतंय" म्हणालो. त्यांना तेवढं पुरलं.

पुढे त्यांचा गुडघा बदलला. मोटरहोमची पायरी उंच. येलोस्टोनचा विषय कुणी काढला नाही, आणि त्या शरदात ओहायोच्या एका तरुण जोडप्याला ते विकलं. जाताना काकांनी त्यांच्या हातात वायरिंगचे नकाशे ठेवले, आणि वर एक पेन्सिल सेल. पोरगी म्हणाली, थँक यू, रिमोटला होईल. काकांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे आलं ते मला एखाद्या वैऱ्याच्याही चेहऱ्यावर बघावं लागू नये.

मागच्या आठवड्यात त्या जोडप्याचा फोन आला. स्पीकर उत्तम, पण पाण्याचा पंप रात्री आपोआप सुरू होतो, आणि वायर शोधायला पॅनेल उघडलं तर आत सगळीकडे काहीतरी वेगळ्याच लिपीत लिहिलंय, ते काय? काका फोनवर तासभर बोलले. काकू सांगत होत्या, गुडघ्यानंतर पहिल्यांदाच ते बोलता बोलता उभे राहिले. शनिवारी ते दोघं गाडी घेऊन येतायत, मुक्कामालाच.

"पाच जणांना चार वाट्या तांदळाचा मसालेभात पुरेल ना रे?" काकूंनी मला विचारलं.

"काकू, मी येतोय असं कुणी सांगितलं?"

"म्हणजे?" त्या म्हणाल्या. "मग टॉर्च कोण धरणार?"