जास्त ओरडणारा पक्ष

रग्बीचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना २७ मार्च १८७१ रोजी एडिंबरातल्या रेबर्न प्लेस मैदानावर झाला. स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड, दोन्हीकडे वीस-वीस खेळाडू. (ट्वेंटी-ट्वेंटीचा शोध क्रिकेटवाल्यांनी लावला असं उगाच समजतात.) स्कॉटलंडच्या एका ट्रायवर (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवला की ट्राय) इंग्रजांनी हरकत घेतली, पंचांनी ती मानली नाही आणि स्कॉटलंड जिंकलं. हे पंच, हेली हचिन्सन आमंड, पेशाने शाळेचे हेडमास्तर. पुढे त्यांनी या निर्णयाबद्दल जे लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की पंचाला शंका आली तर जो पक्ष जास्त ओरडतोय त्याच्या विरुद्ध निकाल द्यावा, कारण बहुधा चूक त्याचीच असते. निम्मं आयुष्य वर्गात काढलेल्या माणसालाच हे सुचावं.

तेरा वर्षांनी, १८८४ साली, याच दोन संघांत याहून बहारदार भांडण झालं. एका स्कॉटिश खेळाडूने चेंडू हाताने मागे ढकलला, तो इंग्रजांना मिळाला, त्यांनी ट्राय केला. स्कॉटलंडचं म्हणणं, चेंडू असा ढकलणं नियमबाह्य आहे, तेव्हा खेळ तिथेच थांबायला हवा होता, सबब ट्राय रद्द. इंग्लंडचं म्हणणं, अहो, गुन्हा तुम्ही केलात आणि फायदाही तुम्हीच मागता? पुढच्या वर्षी दोघांत सामनाच झाला नाही. अखेर १८८६मध्ये स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्सने मिळून नियमांसाठी एक मंडळ काढलं. इंग्लंड रुसून बसलं होतं, ते १८९०मध्ये आलं. आज या मंडळाला वर्ल्ड रग्बी म्हणतात. त्याची पत्रिका मांडली तर लग्नीच वाद बसलेला दिसेल.

मी नोकरीनिमित्त एडिंबरात राहतो. मुंबईत असताना पावसाळ्यात बॉम्बे जिमखान्याच्या कुंपणाबाहेरून चिखलात लोळणारी माणसं पाहिली होती. त्यांचं नेमकं काय हरवलंय ते मात्र कळलं नव्हतं. इथे आल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये सिक्स नेशन्स स्पर्धेच्या शनिवारी मरेफील्ड मैदानाजवळच्या एका पबात बसायला लागलो आणि हळूहळू लक्षात आलं, की आतल्या लोकांनाही ते पुरतं कळलेलं नसतं. फरक इतकाच, की ते त्यावर तीन तास बोलू शकतात.

आमच्या टेबलाचे कायम सभासद तीन. पहिले एक स्कॉटिश आजोबा. तरुणपणी ते सीमाभागातल्या एका गावात प्रॉप म्हणून खेळत, म्हणजे स्क्रममध्ये पुढच्या रांगेत डोकं घालायला. (सीमाभाग म्हटल्यावर मराठी कान टवकारतात, पण इथला प्रश्न १७०७मध्ये मिटला, निदान कागदावर.) दुसरी डब्लिनची एक वकीलबाई. तिसरा न्यूझीलंडचा एक तरुण सुतार. मी चौथा, अज्ञ म्हणून घेतलेला. प्रत्येक वादाला एक अज्ञ माणूस लागतोच, नाहीतर समजावून कोणाला सांगणार?

खेळ बघण्यापेक्षा नियम बदलण्यात या मंडळींचा जीव जास्त रमतो. आणि त्यांना खाद्य पुरवण्यात वर्ल्ड रग्बी कसूर करत नाही. दरवर्षी एखादा तरी नियम ‘चाचणीसाठी’ येतो. कधी तो राहतो, कधी परत जातो, कधी दुसऱ्या नावाने पुन्हा येतो.

स्क्रमचंच बघा. आठ-आठ धिप्पाड माणसं वाकून एकमेकांवर आदळायची म्हणजे मानेला धोका. म्हणून २००७पासून रेफरी चार शब्दांचा मंत्र म्हणू लागला: क्राउच, टच, पॉज, एंगेज. २०१२मध्ये मंत्र तीन शब्दांवर आला: क्राउच, टच, सेट. २०१३मध्ये टच गेला आणि बाइंड आला, म्हणजे आदळण्याआधी एकमेकांना नीट धरा. आजोबांना यातलं काहीच पटलेलं नाही. “आमच्या वेळी रेफरी एक शब्द बोलत नसे,” ते म्हणतात, “आम्ही सरळ भिडायचो. कोणाला काय झालं?” हे सांगताना त्यांना माझ्याकडे बघायचं असतं, पण मान वळत नाही. म्हणून ते खुर्चीसकट वळतात.

माझ्या मते या खेळातले खरे कलावंत नियमांतली भोकं शोधणारे. त्यांचा मुकुटमणी म्हणजे २६ फेब्रुवारी २०१७ची दुपार. स्थळ ट्विकनहॅम, इंग्लंड विरुद्ध इटली. इटली हा तेव्हा सहांतला सगळ्यांत दुबळा संघ, त्यामुळे इंग्लंड पन्नास-साठ गुणांनी धुणार असा सर्वांचा अंदाज. आता रग्बीत असं असतं, की चेंडूवाला खाली पडला आणि दोन्ही संघांचा एकेक तरी माणूस उभ्याने चेंडूवर भिडला की ‘रक’ तयार होतो, आणि रक झाला की ऑफसाइडची रेषा तयार होते. इटलीने काय केलं? भिडायचंच नाही असं ठरवलं. रक नाही म्हणजे रेषा नाही. रेषा नाही म्हणजे इटलीची माणसं खुशाल इंग्लंडच्या गोटात जाऊन, चेंडू ज्याच्याकडे जायचा त्याच्या पुढ्यात उभी. इंग्रजांना काही उमगेना. जेम्स हॅस्केल आणि कर्णधार डिलन हार्टली यांनी भर मैदानात रेफरी रोमँ प्वात यांना विचारलं, की आता आम्ही करायचं तरी काय? प्वात यांनी शांतपणे सांगितलं, की मी रेफरी आहे, प्रशिक्षक नाही. ते तुमच्या प्रशिक्षकाला विचारा.

मध्यंतराला इटली १०-५ने पुढे. शेवटी इंग्लंड ३६-१५ने जिंकलं खरं, पण त्यांचे प्रशिक्षक एडी जोन्स इतके चिडले, की याला रग्बी म्हणत नाहीत, प्रेक्षकांनी तिकिटाचे पैसे परत मागावेत, असं म्हणाले. त्याच वर्षी नियम बदलला: चेंडूवर एकच माणूस उभा राहिला तरी रक झाला असं समजावं. भोक बुजलं. वकीलबाई अजून हळहळते. तिच्या मते कायद्याचा इतका सरळ अर्थ लावणाऱ्यांना शिक्षा होते ती फक्त खेळात. तिच्या धंद्यात अशांना बढती मिळते.

मला स्वतःला मात्र २०२४चा किस्सा जास्त आवडतो. फ्रान्सचा स्क्रमहाफ आंत्वान द्युपाँ हा अतिशय हुशार खेळाडू. त्याच्या नावाने ‘द्युपाँचा नियम’ म्हणून एक गोष्ट प्रसिद्ध झाली. खरं तर ती पळवाट. एका बाजूने लांब किक मारली की किकच्या पुढे असलेले सगळे ऑफसाइड, त्यांनी मागे हटायला हवं. पण चेंडू पकडणारा पाच मीटर धावला, किंवा त्याने पास दिला, की ते आपोआप पुन्हा खेळात येतात. मग मागे कशाला हटायचं? आहे तिथेच थांबायचं. समोरचाही हुशार, तोही न धावता उलट किक मारणार. फेब्रुवारीत मरेफील्डवर स्कॉटलंड-फ्रान्स सामन्यात हा प्रकार इतका रंगला, की दोन माणसं चेंडू इकडून तिकडे मारतायत आणि बाकी सगळे कमरेवर हात ठेवून पुतळ्यांसारखे उभे. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. आजोबा त्या दिवशी स्टेडियममध्ये होते. “तिकीट भरमसाट होतं,” ते म्हणाले, “आणि त्यात मी अठ्ठावीस माणसांना उभं राहताना पाहिलं.” १ जुलै २०२४पासून ती पळवाट बंद झाली.

त्याच दिवशी आणखी एका नियमाचा निकाल लागला. २०२३च्या विश्वचषकात उपउपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेच्या डेमियन विलेम्सेने स्वतःच्या गोलरेषेजवळ उंच चेंडू पकडून ‘मार्क’ची हाक दिली. अशा वेळी शहाणा माणूस मिळालेली फ्री किक मारून चेंडू दूर धाडतो. याने हात फिरवून खूण केली: किक नको, स्क्रम द्या. स्वतःच्या दारात, यजमान फ्रान्ससमोर! आमचं टेबल काही क्षण गप्प होतं, ही दुर्मीळ घटना. मग आजोबा उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रॉप लोकांच्या आयुष्यात असे सन्मान क्वचित येतात. दक्षिण आफ्रिका २९-२८ने जिंकली, आणि पुढच्या जुलैपासून फ्री किकच्या बदल्यात स्क्रम मागायची सोयच काढून टाकली. आजोबा हा बदल आपल्यावरचा वैयक्तिक हल्ला समजतात.

सुधारणेचा सर्वांत मोठा घाट मात्र आधीच घालून झाला होता. २००६मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलनबॉश विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या सामन्यांत नव्या नियमांची एक जुडीच तपासून पाहिली आणि २००८मध्ये त्यातले बरेच जगभर लागू केले. त्यात एक असा, की उभ्याने ढकलत येणारा मॉल बचाव करणाऱ्यांनी पाडला तरी चालेल. उत्तर गोलार्धात आकांत झाला. मॉल हा त्यांच्या घरातला कर्ता पुरुष. २००९मध्ये हा नियम मागे घेतला. पण जुडीतले दहा राहिले. त्यातला एक म्हणजे स्क्रमच्या वेळी मागच्या फळीने पाच मीटर मागे थांबायचं. हल्ली कोणी ते अंतर कमी करायची सूचना केली, तर सर्वांत आधी आजोबा उसळतात: परंपरेला हात लावू नका! तुम्ही २००८मध्ये याच नियमाला विरोध केला होतात ना, असं सुताराने एकदा विचारलं. आजोबा म्हणाले, “अर्थात. तेव्हा तो नवा होता.”

सध्याचा ताजा विषय लाल कार्डाचा. पूर्वी लाल कार्ड मिळालं, की तो खेळाडू गेला आणि संघ उरलेला सामना चौदा जणांत खेळणार. दक्षिणेकडच्या देशांनी २०२०पासून नवा प्रयोग चालवला: हाकललेला हाकललेलाच, पण वीस मिनिटांनी त्याच्या जागी दुसरा येऊ शकतो. २०२३चा अंतिम सामना हे सुताराचं दुखणं आहे. न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन, आधी पिवळं कार्ड, मग पडद्याआड बसलेल्या पंचांनी व्हिडिओ पाहून ते लाल केलं, आणि दक्षिण आफ्रिका १२-११ने जिंकली. एका गुणाने! “वीस मिनिटांचा नियम असता तर आमचे शेवटपर्यंत पंधरा असते,” असं तो दर भेटीत म्हणतो. वकीलबाई आयरिश धोरणाला धरून: डोक्यावर घाव घालणाऱ्याला शिक्षा कमी केली तर डोकी जास्त फुटतील.

एकदा हा वाद हातघाईवर आला तेव्हा मी कबड्डी काढली. म्हटलं, आमच्याकडे हा प्रश्न केव्हाच तीन प्रकारे सोडवून झालाय. गामिनीत बाद झालेला बादच, सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसायचं. संजीवनीत समोरचा बाद झाला की आपला एक जिवंत होऊन आत येतो. आणि अमरमध्ये कोणी बाहेर जातच नाही. गुण मोजायचे आणि खेळत राहायचं. टेबलावर एकदम शांतता पसरली. मग वकीलबाईने जाहीर केलं, की ती गामिनी पंथाची. सुताराने संजीवनी घेतली. आजोबांनी बराच विचार करून सांगितलं, की त्यांच्या तरुणपणी सीमाभागात अमर चालत असे. म्हणजे रेफरी कोणालाही बाहेर काढत नसे, लोक आपले आपण रुग्णवाहिकेतून जात. शेवटी आमच्याकडे संजीवनीच टिकली हे ऐकून सुताराने माझ्यासाठी एक ग्लास मागवला.

त्या दिवसापासून मला मतदानाचा हक्क आहे. पण माझा खरा अधिकार त्याहून जुना, असं मी त्यांना सांगत असतो. स्कॉटलंड-इंग्लंड सामन्याच्या विजेत्याला जो चषक मिळतो त्याचं नाव कलकत्ता कप. कलकत्त्याचा इंग्रजांचा रग्बी क्लब १८७०च्या दशकात ढेपाळला. तिथली पलटण हलली, लोक पोलो-टेनिसकडे वळले, आणि क्लबातली फुकटची दारू बंद झाल्यावर तर सभासदांचं खेळावरचं प्रेम झपाट्याने आटलं. १८७८मध्ये मंडळींनी बँकेतले शिल्लक पैसे काढले, चांदीचे २७० रुपये, ते वितळवून चषक घडवला आणि इंग्लंडला पाठवला. कानांच्या जागी तीन नाग, झाकणावर हत्ती. १८७९पासून त्यासाठी खेळतायत. १९८८मध्ये स्कॉटलंडचा जॉन जेफ्री आणि इंग्लंडचा डीन रिचर्ड्स यांनी सामन्यानंतरच्या रात्री तोच चषक एडिंबरातल्या प्रिन्सेस स्ट्रीटवरून चेंडूसारखा उडवत नेला आणि पार चेपवून टाकला.

तेव्हा गेल्या मोसमात मी रीतसर प्रस्ताव मांडला. चषकातले २७० रुपये हिंदुस्थानात जमले, सबब जो संघ सामना हरेल त्याने त्यांचं १८७८पासूनचं व्याज भारतातल्या रग्बीला द्यावं. वकीलबाईने लगेच रुमाली कागद पुढे ओढून चक्रवाढीचा हिशोब मांडायला घेतला. दर किती धरायचा यावर सुताराचं आणि तिचं जुंपलं. आजोबा खुर्चीसकट माझ्याकडे वळले आणि म्हणाले, प्रस्तावाला त्यांचा विरोध नाही, मात्र आधी एका मोसमापुरती चाचणी घ्यावी, आणि तीही दक्षिण गोलार्धात.