अर्चिन कसा पाळावा (टोपीसकट)

सर्वप्रथम अभिनंदन. घरात समुद्र आणायचं तुम्ही ठरवलंय, म्हणजे वेळ, पैसा आणि घरच्यांची माया या तिन्ही गोष्टी तुमच्याकडे शिलकीत आहेत. पुढच्या पायऱ्या नीट पाळल्यात तर वर्षभरात तिन्हींचा निकाल लागेल.

हे मार्गदर्शन मी न्यू जर्सीतल्या आमच्या बेसमेंटमध्ये, पंचाहत्तर गॅलनच्या म्हणजे साधारण 284 लिटरच्या टाकीसमोर बसून लिहितोय. भारतातल्या वाचकांनी नुसतं वाचावं. टाकीत अर्चिनसोबत प्रवाळही असतात आणि आपल्याकडे दगडी प्रवाळ 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, थेट वाघाच्या पंगतीला. मालवणला जाऊन बुडी मारा, बघा आणि हात हलवत परत या.

पायरी पहिली: पाणी

समुद्र म्हणजे मीठ आणि पाणी असं ज्यांना वाटतं, ते आमटी म्हणजे डाळ आणि पाणी असंही म्हणत असणार. खारटपणा हजारी 35, तापमान 25-26 अंश, अल्कलिनिटी 8 ते 9, कॅल्शियम 420च्या आसपास. हे आकडे एकदा गाठणं सोपं आहे. ते तिथेच बसवून ठेवणं म्हणजे लहान मुलाला लग्नात मांडीवर बसवून ठेवण्यासारखं.

नवी टाकी पहिला महिना-दीड महिना रिकामीच चालवायची. या काळात जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करायला लागतात आणि बायको रोज विचारते, "यात मासे येणारेत ना रे?" मग दगडांवर तपकिरी साय धरते. ती जाते न जाते तोच हिरवे केस उगवतात. हे केस बघून माणूस हबकतो आणि दुकानदाराला विचारतो, "हे खाणारं काही आहे का?" दुकानदार याच प्रश्नाची वाट बघत असतो.

पण थांबा. हे केस खाणारा अर्चिन, म्हणजे समुद्रातला काटेरी गोळा, मुरलेल्या टाकीतच टिकतो. तेव्हा टाकी आधी काही महिने मुरू द्या, लोणच्यासारखी. आणि टाकी काचेची घ्या, ॲक्रिलिकवर त्याच्या दातांचे ओरखडे उठतात.

पायरी दुसरी: स्थळ बघणे

लांब काळ्या काट्यांचा डायडेमा रुबाबदार दिसतो, पण त्याचे काटे वीतभर, विखारी आणि टोकाला ठिसूळ. टाकीत हात घालायचा असेल तर नको. पेन्सिलीसारख्या जाड काट्यांचा एक असतो, तो शेवाळासोबत प्रवाळही चाखून बघतो. फुलासारखा दिसणारा टोक्सोन्यूस्टिस कोणी फुकट दिला तरी घेऊ नका. त्याच्या विषाची चर्चा डॉक्टर करतात. ट्रिपन्यूस्टिस चांगला खादाड: हवाई राज्य 2011पासून तो हॅचरीत वाढवून कानेओहे उपसागरात सोडतंय, बाहेरून आलेलं शेवाळ खायला. फक्त तो वाढून नारळाएवढा व्हायला निघतो.

नवशिक्याने टक्सिडो घ्यावा. लिंबाएवढा, काटे आखूड आणि मधल्या पट्ट्या निळ्या मखमली. लग्नाला निघाल्यासारखा दिसतो. स्वभावाने गरीब असं दुकानात सांगतात. मीही तुम्हाला तेच सांगतो.

पायरी तिसरी: गृहप्रवेश

पिशवीतून काढून थेट टाकीत टाकू नका. खारटपणा एकदम बदलला तर त्याला सोसत नाही. बारीक नळी लावून टाकीतलं पाणी त्याच्या भांड्यात थेंब थेंब सोडायचं, तास-दोन तास, सलाइनसारखं. काटे गळायला लागले तर समजा प्रकृती बिघडली. आणि तो काचेला चिकटला असेल तर ओढू नका. त्याचे शेकडो नळीपाय असतात, प्रत्येकाच्या टोकाला चिकटणारी चकती. जबरदस्ती केलीत तर पाय तुटून काचेवर राहतात आणि वरचा भाग तुमच्या हातात येतो.

माझी आई तेव्हा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली होती. ती चष्मा पुसून काचेपाशी बसली.

"अरे, याचं तोंड कुठंय?"

"खाली, आई. दगडाकडे. आत पाच दात असतात. ॲरिस्टॉटलने वर्णन केलंय, म्हणून त्या जबड्याला ॲरिस्टॉटलचा कंदील म्हणतात."

"आणि बाकीचं?"

"ते वर. डोक्यावर."

आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बरं." त्यानंतर ॲरिस्टॉटलबद्दल तिने काही विचारलं नाही.

पायरी चौथी: टोपी

ही पायरी कोणत्याही माहितीपत्रकात नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिल्या रात्री तो कामाला लागला. सकाळी दगडावर बोटभर रुंदीचे पांढरे पट्टे उमटलेले, कोणी रंधा मारावा तसे. हिरवे केस गेले होते. त्यासोबत मी वर्षभर कौतुकाने वाढवलेला जांभळट गुलाबी शेवाळी थरही गेला होता. हा थर कॅल्शियमचा असतो आणि अर्चिनचे दात दगड खरवडणारे, झिजतील तसे वाढणारे. हिरवं नको, गुलाबी हवं, हा भेद आपला.

तिसऱ्या दिवशी माझा झोएंथिड गायब झाला. झोएंथिड म्हणजे बटणाएवढ्या, फुलांसारख्या दिसणाऱ्या जिवांचा गुच्छ. माझा भगव्या रंगाचा, नखाएवढ्या चकतीवर लावलेला, साठ डॉलरचा. मी पंपामागे बघितलं, वाळूत बघितलं, माशांकडे संशयाने बघितलं. रात्री टाकीचे दिवे मालवल्यावर लाल टॉर्च घेऊन बसलो. अकराच्या सुमाराला दगडामागून टक्सिडो आला. डोक्यावर एक रिकामा शिंपला, एक शंख, मी शोधत होतो तो नळीचा क्लिप आणि या सगळ्याच्या मधोमध, किंचित तिरका, माझा झोएंथिड. नळीपायांनी तो हळूहळू सरकवून त्याने नीट केला. आपण आरशासमोर टोपी सारखी करतो ना, अगदी तसा.

हे अर्चिन मंडळी करतात. उजेडापासून आडोसा म्हणून करतात असं मानलं जातं. अडचण एवढीच की त्याच्या लेखी सगळ्या टोप्या सारख्या. पडलेला शंख आणि साठ डॉलर यांत तो फरक करत नाही. मी करतो, म्हणून रात्री अकरा वाजता बेसमेंटमध्ये मी जागा असतो आणि तो मजेत फिरत असतो.

उपाय: प्रवाळाचा तुकडा ठेवू नका, चिकटवा. जेलसारखा सुपरग्लू पाण्यातही घट्ट बसतो. त्याखाली एपॉक्सीचा गोळा द्या. झोएंथिड हाताळताना हातमोजे घाला आणि ते लागलेला दगड कधीही उकळू नका. त्यांच्यातल्या काहींत जहाल विष असतं आणि ते वाफेसोबत नाकात गेलेलं परवडत नाही. हे वाक्य गंमतीचं नाही.

पायरी चौथीच, पण पोटाची

आठवडाभरात टाकी लख्ख होते. तुम्ही खूश, शेजारी खूश, अर्चिन उपाशी. केस संपले की त्याच्या जेवणाची सोय तुमच्याकडे. सुशीसाठी मिळते ती नोरी, बिनमसाल्याची, क्लिपला लावून सोडायची. आईने पाकीट हातात घेऊन वास घेतला. "समुद्रातलं गवत वाळवून, पाकिटात भरून, विकत आणून परत पाण्यात सोडायचं?" हो, आई. शेवाळ नको म्हणून हा आणला आणि आता याच्यासाठी शेवाळ विकत आणतो.

मध्येच एक इशारा: तांबं

माशांच्या रोगांवरच्या कित्येक औषधांत तांबं असतं. माशाला ते चालतं, अर्चिनला आणि प्रवाळाला मारतं. हे माहीत असूनही एका सकाळी मी जिना उतरतो तर आई टाकीत पाणी ओततेय. तांब्याच्या तांब्यातून.

"कमी झालं होतं रे. रात्रभर ठेवलेलं आहे, गुणकारी असतं."

तिचा अर्धा मुद्दा बरोबर होता. टाकीतून उडून जातं ते नुसतं पाणी, मीठ मागे राहतं, त्यामुळे भर गोड्या पाण्याचीच घालायची. फक्त ते गाळून-गाळून घेतलेलं, सगळे क्षार काढलेलं हवं. मी कार्बन बदलला, पाणी बदललं, टेस्ट किट तीनदा लावला. तीनशे लिटरमध्ये तांब्याभर पाणी, किटला काही दिसेना. दुपारी टक्सिडो बाहेर आला, टोपीसकट. आई म्हणाली, "बघ, तरतरी आली."

आणि टोपीसाठीच्या या चोऱ्यांचा राग येईल तेव्हा कॅरिबियन आठवा. तिथे डायडेमाची ओळख म्हणजे पायात काटा मोडणारा उपद्व्यापी, एवढीच होती. 1983च्या जानेवारीत पनामाजवळ ते मरायला लागले आणि वर्षभरात सगळ्या कॅरिबियनमध्ये शंभरातले नव्वदहून जास्त गेले. जमैकात शेवाळ खाणारे पॅरटफिश आधीच जाळ्यांत संपत आले होते आणि 1980च्या ॲलन वादळाने प्रवाळ मोडून ठेवले होते. झाडलोट करणारा उरला होता तो हाच, तोही गेला. 1970च्या दशकाच्या शेवटी तिथे निम्म्याहून जास्त तळ जिवंत प्रवाळाने झाकलेला होता. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला पाच टक्क्यांहून कमी, बाकी शेवाळ. 2022मध्ये पुन्हा साथ आली, तेव्हा एक केसाळ एकपेशीय जीव कारण म्हणून सापडला. हे वाचल्यापासून मी आमच्या चोराला अहो-जाहो करत नसलो तरी आवाज चढवत नाही.

पायरी शेवटची: तडजोड

त्याला पर्यायी टोप्या द्या. या छंदात थ्रीडी प्रिंटरवर अर्चिनच्या टोप्या छापणारे लोक आहेत: काउबॉयची, जादूगाराची. माझ्या लेकीने आजीच्या सांगण्यावरून पुणेरी पगडी छापली. निम्मा दिवस ती वाळूत पडून होती. मग तो आला, एका बाजूने चढला आणि पलीकडून निघाला तो पगडी घालून.

आई आता सांगलीला परत गेलीय. आमच्या रात्री साडेनऊला तिथे सकाळचे सात वाजलेले असतात, तेव्हा ती व्हिडिओ कॉल करते. माझी चौकशी दुसरी. काल मी फोन टाकीकडे वळवला. पगडी होती. आणि पगडीच्या माथ्यावर, एपॉक्सीसकट उपटलेला, भगवा झोएंथिड.

"आई, बघ, परत चोरला!"

"मग?" आई म्हणाली. "पगडीला तुरा नको?"