भजी कोणी तळली?

आमच्या भागात पाऊस बेभरवशाचा, पण पावसावरचे निबंध कोणत्याही साली हमखास पिकतात. 'पावसाळ्यातील एक दिवस' हा विषय फळ्यावर पडायचा अवकाश, लोह्यापासून निलंग्यापर्यंत काळेकुट्ट ढग दाटतात, मोर पिसारा फुलवून नाचतो, धरणीमाता हिरवा शालू नेसते आणि सगळ्यात शेवटी आई गरमागरम कांदाभजी तळते. परीक्षक म्हणून मी ही भजी इतकी खाल्ली आहेत की आता गठ्ठ्याची सुतळी सोडतानाच घशाशी येतं.

2016 सालचा गठ्ठा मात्र वेगळा. त्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती 144 कलम लागलं होतं, म्हणजे घागर घेऊन पाच माणसं जमली तरी गुन्हा. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मग जूनमध्ये शाळा उघडल्या आणि लगोलग निबंधस्पर्धा. जी पोरं उन्हाळाभर टँकरमागं पळाली होती, त्यांनी मन लावून लिहिलं होतं की नदीनाले दुथडी भरून वाहू लागले, होड्या सोडल्या, भजी खाल्ली. गाइडमधल्या पावसाला दुष्काळ ठाऊक नसतो.

त्या ढिगात एका पोराचं पान होतं. अक्षर असं की कोंबडी शाईत पाय बुडवून गेली असावी. त्यानं लिहिलं होतं, 'पाऊस आला तेव्हा मी भिजायला गेलो. आईने मला बाजूला केले आणि तिथे बादली ठेवली.' पुढं बादली, टोप, परात, पातेलं अशी अंगणातली सगळी मांडणी होती आणि कोणतं भांडं आधी भरलं याचा काटेकोर हिशेब होता. भजी नव्हती.

माझ्या शेजारचे परीक्षक म्हणाले, "निसर्गवर्णन कमी पडलंय. अलंकार नाहीत."

"सर, परात आहे की."

"परात अलंकारात येत नाही."

गुणपत्रिकेत चार रकाने होते: विषयाची मांडणी, भाषाशैली, शुद्धलेखन, हस्ताक्षर. हे पोरगं नेमकं कशात बसतं याचा पाचवा रकाना आखलेलाच नव्हता. चहा होईपर्यंत आमचा वाद चालला आणि शेवटी त्याला उत्तेजनार्थ मिळालं. पहिला नंबर मोराला गेला.

या धंद्यात राहिल्यावर एक विद्या आपोआप येते. मुलाचं वय अक्षरावरून कळतं आणि वडिलांचं वय भाषेवरून. तिसरीतली मुलगी 'आजच्या या धकाधकीच्या आणि स्पर्धेच्या युगात' अशी सुरुवात करते, तेव्हा धकाधकी कोणाची झाली ते न सांगता समजतं. चौथीतल्या एकानं 'माझी आई' या विषयावर लिहिताना आईचा उल्लेख 'सौ.' असा केला होता.

पालकांतही जिल्ह्याप्रमाणं फरक पडतो. लातूरचा पालक पॅटर्नवाला. नव्वदीच्या दशकात बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं अशी काही यायला लागली की राज्यभर 'लातूर पॅटर्न' हा शब्द झाला. आता गावात नीटच्या 720 गुणांवर हवामान ठरतं. अशा गावात कथालेखनाची स्पर्धा जाहीर केली की पहिला फोन येतो, "सर, सिलॅबस काय ठेवलाव?" दुसरा येतो, "निगेटिव्ह मार्किंग हाय का?" एका गृहस्थांनी गेल्या पाच वर्षांचे विषय मागून घेतले आणि यंदा 'झाडाचे मनोगत' येणार असा अंदाज बांधून पोराकडून झाड पक्कं करून घेतलं. विषय निघाला 'माझा आवडता सण'. पोरगं डगमगलं नाही. त्यानं लिहिलं, माझा आवडता सण वटपौर्णिमा, आणि दुसऱ्या परिच्छेदात वड बोलायला लागला. निकालानंतर वडिलांनी विचारलं, "उत्तरतालिका कधी लागणार?"

नांदेडच्या पालकाला सिलॅबस लागत नाही, त्याला ओळख पुरते. तो निकालाच्या आदल्या रात्री फोन करतो आणि स्पर्धेचं नावही काढत नाही. आधी पाऊसपाणी, मग गोदावरीला पाणी किती, मग माझा गुडघा. शेवटी ठेवता ठेवता म्हणतो, "ते सत्तावीस नंबरचं पोरगं आपल्या लोह्याचं हाय बरं का सर. काही नाही, सहज सांगायलो."

लोह्याचं नाव निघालं म्हणून सांगतो. त्याच तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तिथं जनावरांचं प्रदर्शन असतं आणि बक्षिसंही. लाल कंधारी वळू उभा केला की जाणकार दात बघतात, खूर बघतात, पाठीवरून हात फिरवतात. वळूच्या मालकानं रात्रभर जागून त्याच्याकडून काही पाठ करून घेतलेलं नसतं. आमच्या स्पर्धांपेक्षा तो निवाडा मला नेहमीच जास्त सरळ वाटत आला आहे. शिवाय तिथं उत्तेजनार्थ मिळालेला वळू रडत नाही.

निबंधात निदान कागदाचा आडोसा असतो, वक्तृत्वात सगळं उघड्यावर. त्यातही 17 सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. निजामाच्या राज्यात 'गश्ती निशान 53' नावाचा हुकूम होता, परवानगीशिवाय सभा घ्यायची नाही, भाषण करायचं नाही. 1948 साली ते राज्य गेलं. आता त्याच तारखेला आमच्या पोरांना भाषण न करण्याची परवानगी मागावी लागते आणि ती मिळत नाही.

सकाळी झेंडा झाला की रांग लागते. 'रझाकार' म्हणताना मूठ आवळायची, 'स्वामी रामानंद तीर्थ' म्हणताना हात जोडायचे, 'मुक्त' म्हणताना दोन्ही हात फाकवायचे. हे हातवारे भाषणाआधी पाठ होतात, त्यामुळं कधीकधी शब्द मागं राहतात आणि हात पुढं जातात. रझाकारांना हात जोडलेले मी पाहिले आहेत. एक दुसरीतला गडी पोलिस कारवाईपर्यंत जोरात आला आणि अडकला. तिसऱ्या ओळीतून त्याची आई नुसते ओठ हलवून सांगत होती, पण याची नजर छताला. शेवटी त्यानं शहाण्यासारखा निर्णय घेतला आणि परत 'सन्माननीय व्यासपीठ' पासून सुरुवात केली. त्या दिवशी मराठवाडा दोनदा मुक्त झाला. टाळ्याही दुप्पट पडल्या.

वास्तविक नांदेडला बोलण्याची मोठी पुण्याई आहे. पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकर शिकवत होते, पुढं तिथलेच प्राचार्य झाले. हातात कागद न घेता तास-दीड तास बोलायचे आणि समोरच्यांची घरी गेल्यावरही झोप उडालेली असायची. हेच कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत नापास झाले होते. ही गोष्ट मी एका बक्षीस समारंभात मोठ्या उत्साहानं सांगितली. सूत्रसंचालक मॅडमनी माइक घेतला आणि म्हणाल्या, "पण विद्यार्थ्यांनी यातून चुकीचा अर्थ घेऊ नये."

आता वाचनाकडे वळतो, म्हणजे पंधरा ऑक्टोबरकडे. बाकीच्या तारखांना वळायला फारसं कोणी सांगत नाही. डॉ. अब्दुल कलामांच्या जन्मदिवशी 2015 पासून राज्यभर वाचन प्रेरणा दिन होतो. चौदा तारखेला पुस्तकांच्या कपाटाची किल्ली शोधली जाते. ती ज्यांच्याकडे असते त्यांची नेमकी बदली झालेली असते. किल्ली सापडली की धूळ झटकली जाते, मग व्हरांड्यात पोरं ओळीनं बसतात आणि एकदम सगळी वाचायला लागतात, कारण फोटो वर पाठवायचा असतो. एकदा एका पोरीनं फोटो झाल्यावरही पुस्तक खाली ठेवलं नाही. तिला हाका मारल्या, घंटा झाली, खिचडी शिजल्याचा वास आला, तरी ती पानातच. वर्गशिक्षिका हवालदिल. म्हणाल्या, "आता हिचं काय करावं सर, कपाट बंद करायचंय."

बक्षीस म्हणून पुस्तकच द्यावं, ही चाल चांगली. फक्त ते पुस्तक बहुधा 'अग्निपंख' असतं. नाहीतर 'श्यामची आई'. बोलण्यात पटाईत असलेल्या एका मुलीच्या घरी मी 'अग्निपंख'च्या चार प्रती पाहिल्या आहेत. तिच्या धाकट्या भावाचा अभ्यासाचा स्टूल एका बाजूनं त्यांवरच उभा होता. प्रमुख पाहुणे स्वतः कवी असले तर आणखी एक शक्यता असते: ते गाडीच्या डिकीतून स्वतःच्या संग्रहाचा गठ्ठा काढतात आणि विजेते, पराभूत, शिपाई, ड्रायव्हर असा कोणताही भेदभाव न करता वाटतात.

या सगळ्यांत माझी लाडकी स्पर्धा टपालखात्याची. 'ढाई आखर' नावाची. हातानं पत्र लिहायचं, मुख्य पोस्टमास्तर जनरलना पाठवायचं. आंतर्देशीय पत्रावर 500 शब्दांपर्यंत, पाकिटातून पाठवलं तर 1,000. देशातलं पहिलं बक्षीस 50,000 रुपये. लातूरच्या एका पालकानं माझ्यासमोर बसल्या जागी भाग लावला: "म्हणजे शब्दाला शंभर रुपये, सर. पाकिटात गेलं तर पन्नासच. आंतर्देशीयच घेतो." साहित्याचं इतकं स्वच्छ अर्थशास्त्र मी कोणत्याही चर्चासत्रात ऐकलेलं नाही.

अडचण पुढंच. निळं आंतर्देशीय पत्र पोरानं जन्मात पाहिलेलं नव्हतं. वडिलांनी पाहिलं होतं, पण ते कोणत्या बाजूनं दुमडतात हे त्यांनाही आठवेना. शेवटी आजोबांना बोलावलं. आजोबांनी तीन घड्या घालून दाखवल्या, कडेला जिभेनं ओलं करून चिकटवलं, आणि सगळ्यांच्या ध्यानात आलं की आत काही लिहायचंच राहिलं. अडीच रुपये गेले. दुसरं आणलं. त्यात वयाचा दाखला स्वतःच लिहायचा असतो, की मी अठरा वर्षांखालील आहे असे प्रमाणित करतो. पोरगं चौथीत. पाचशे शब्दांतले काही तर तिथंच गेले, असं म्हणून वडील हळहळले. त्यांच्या हिशेबानं सात-आठशे रुपयांचा फटका होता. बाकीचं पत्र पोरानं एकट्यानं लिहिलं, कारण वडिलांना दुकानाची वेळ झाली होती. मी वाचलं. विषय सोडून त्यानं पोस्टमास्तर जनरलना विचारलं होतं की आमच्या गल्लीतले पोस्टमन काका पाय दुखतो म्हणतात, त्यांना तुम्ही गाडी का देत नाही. याला बक्षीस मिळालं नाही. माझ्या मनातला पाचवा रकाना मात्र भरला.

मुलांचं एक बरं असतं, स्पर्धा संपली की ती खेळायला जातात. मोठे नवोदित लेखक घरी येतात. हातात फाइल, फाइलीत कविता, प्रत्येक कवितेखाली तारीख आणि वेळ. "सर, वाचायची घाई नाही, सोमवारी येतो." हल्ली व्हॉट्सॲपच्या समूहांवर रोज चारोळीस्पर्धा चालतात. संध्याकाळी निकाल लागतो आणि भाग घेतलेल्या प्रत्येकाला फोटोसकट रंगीत प्रमाणपत्र मिळतं: प्रथम, सर्वोत्तम, सर्वोत्कृष्ट, उत्कृष्ट प्रथम. दुसरा नंबर आलेला माणूस गेल्या कित्येक महिन्यांत माझ्या पाहण्यात नाही. मला वाटतं मराठवाड्याचा अनुशेष फक्त याच एका बाबतीत भरून निघाला असावा.

एप्रिल 2022 मध्ये उदगीरला पंच्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. आमच्याकडच्या एप्रिलात डांबर वितळतं, कवी वितळत नाहीत. संमेलनाचे अध्यक्ष होते भारत सासणे. पुढं 2024 चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांच्या 'समशेर आणि भूतबंगला'ला मिळाला, आणि 2025 चा आमच्या नांदेडच्या डॉ. सुरेश सावंतांच्या 'आभाळमाया' या बालकवितांना. गावाला आनंद झाला. माझ्या फाइलवाल्या मित्रालाही झाला. दुसऱ्याच दिवशी तो आला आणि म्हणाला, "सर, प्रेमकविता बंद. आता मुलांसाठी लिहायलो." पुरस्काराची रक्कमही त्यानं काढून ठेवली होती: 50,000. आख्खं पुस्तक लिहून पन्नास हजार आणि एक आंतर्देशीय लिहून पन्नास हजार, हे ऐकल्यावर तो बराच वेळ गप्प बसला. मग विचारलं, "पण त्याला वयाची अट काय?" मी सांगितलं, अठराच्या वरच्यांचा गट वेगळा असतो. तो चप्पल घालून सरळ पोस्टात गेला. फाइल माझ्याकडेच राहिली.

गेल्या आठवड्यात अहमदपूरकडचा एक पोरगा फोनवर होता. आवाज बारीक, मागं म्हैस. त्याच्या शाळेत स्पर्धा लागली होती, विषय ठरलेला: 'मोबाइल: शाप की वरदान'.

"सर, बाजू कोणची घेऊ?"

"तुला काय वाटतं?"

"गेल्या सालला शापाला पहिला नंबर आला. पण परीक्षक बदलल्यात म्हणं."

"अरे, तुझ्याकडं मोबाइल आहे का?"

"न्हाई. पप्पाचाय."

"मग तुला शाप वाटतो का वरदान?"

तो जरा थांबला. "सकाळी वरदान असतो सर. सांजच्याला पप्पा घरी आले की शाप."

मी म्हटलं, बाळा, हेच लिही, एक शब्द बदलू नको. तो म्हणाला, "ते दोनच वळी होतात सर. पानभर पायजे. भजी घालू का मधी?"