खजिनदारकृत शुभवर्तमान

बारा शिष्यांमध्ये पैशांचा हिशेब कोणाकडे होता, हे पवित्र शास्त्र वाचणाऱ्याला सांगायला नको. यहूदा इस्कर्योताकडे. मत्तय जकातदार, नाक्यावर बसून पैसे मोजण्यात मुरलेला. पण त्याला कोणी विचारलं नाही. आमच्या मंडळीच्या वार्षिक सभेत खजिनदार निवडताना हा दाखला काढायची पद्धत नाही. “बँकेत आहात ना, मग झालं तर!” एवढ्यावर मी बिनविरोध निवडून आलो. बिनविरोध म्हणजे, बाकीच्या उमेदवारांनी त्याच क्षणी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली होती.

तेव्हापासून आठवडाभर काउंटरवर लोकांचे पैसे मोजतो आणि रविवारी उपासना आटोपली की देवाचे. बँकेत फाटकी नोट देणारा निदान समोर उभा असतो. इथं थैलीत कोणी काय टाकलं, ते टाकणाऱ्याला आणि प्रभूलाच ठाऊक. उजव्या हाताचं दान डाव्या हाताला कळू देऊ नये ही आज्ञा आमची मंडळी दहाच्या नाण्यांच्या बाबतीत तंतोतंत पाळते. रिझर्व्ह बँक कंठशोष करून सांगते की हे नाणं चालतं; पण भाजीवाली घेत नाही, रिक्षावाला घेत नाही, तेव्हा शेवटी ते प्रभूकडे येतं. विधवेच्या दोन टोल्यांचं प्रभूनं कौतुक केलं, कारण तिनं होतं नव्हतं ते टाकलं. आमच्याकडे चालत नाही ते टाकतात.

घरी वेगळाच वाद. माझं म्हणणं, दशमांश हातात पडणाऱ्या पगाराचा काढावा. पीएफ आणि घराचा हप्ता वजा करून. आमची ही भगिनी मंडळाची सेक्रेटरी. ती म्हणते, “अहो, मलाखी संदेष्ट्यानं पीएफचा उल्लेख केलेला नाही.” यावर बँकिंगच्या कुठल्याच परीक्षेत उत्तर शिकवलेलं नाही. दशमांश पूर्ण पगारावर निघतो.

पैशाशी फटकून वागण्याची आमच्या नगरला थोर परंपरा आहे. (सरकारदरबारी आता अहिल्यानगर, जिभेला वेळ लागतोय.) १८३१ मध्ये इथं अमेरिकन मराठी मिशन आलं, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू झालं, आणि पुढं रेव्हरंड ना. वा. टिळकही इथंच राहिले. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे, हे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रां’त लिहूनच ठेवलंय. १९१७ मध्ये तर त्यांनी मिशनचा पगारच सोडून दिला. पेटी-तबल्यावर त्यांचं भजन लागलं की मीही डोळे पुसतो. पण पावतीपुस्तक मात्र त्यांच्या हाती दिलं नसतं.

खजिनदारकीचं सार्थक होतं ते हंगामाच्या सणाला. ज्वारीची कणसं, लिंबं, अंडी, डांगर भोपळा, खेड्यावरून आलेली एखादी पाय बांधलेली कोंबडी, सगळं वेदीपुढं मांडायचं. उपासना झाली की आवारात लिलाव. बोली पुकारतात ते आमच्या मंडळीचे एक वडील, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. “चला, पुढं सरका, पुढं सरका!” म्हटलं की रक्कमही आपोआप पुढं सरकते.

गेल्या वेळी भोपळ्यावर दोन व्याही अडून बसले. मुलाकडच्यांनी तीनशे म्हटलं, की मुलीकडच्यांनी साडेतीनशे. मधे सून बिचारी पदराच्या काठाशी खेळत उभी. सहाशेला मुलीचे वडील जिंकले आणि त्यांनी भोपळा तिथंच मंडळीला परत अर्पण केला. पुन्हा लिलाव. मग मुलाकडचे सातशेला जिंकले. त्यांनीही अर्पण केला, हार कशी मानणार? तिसऱ्यांदा तो पाळकीणबाईंनी चाळीस रुपयांत घेतला आणि संध्याकाळी त्याचे घारगे केले.

तेवढ्यात विकल्या गेलेल्या कोंबडीनं टोपलीत अंडं घातलं. अंडं कोंबडीच्या मालकाचं की मंडळीचं? दोन्ही बाजूंनी वचनं निघाली. पाळकसाहेबांनी निवाडा दिला: आवारातलं प्रथमफळ, म्हणून मंडळीचं. ते एकशे एकला गेलं.

हिशेब तपासायला आलेल्या साहेबांनी विचारलं, “भोपळा एक आणि पावत्या तीन? आणि हे अंडं यादीत नाही, जमेत कसं?” मी म्हटलं, “साहेब, पाच भाकरींच्या उरलेल्या बारा टोपल्यांचं ऑडिट कोणी केलं होतं?” त्यांनी शेरा मारला: खुलासा असमाधानकारक.

यंदाचा सण आता तोंडावर आलाय. ज्यांच्या वेलाला भोपळे धरलेत त्यांनी मोठ्यातला मोठा आणावा, आणि ज्यांचे व्याही नगरात आहेत त्यांनी त्यांना आग्रहानं बरोबर आणावं. चर्चच्या छपराची उत्तरेकडची बाजू अजून गळते.