शेठच्या एमजीचा क्लच

"काय गो, काल रात्री उशिरापर्यंत तुमच्या पडवीत दिवा होता?"

"फार्महाऊसवाल्या शेठची ती लाल गाडी, काकी. एमजी टीडी, कापडी छपराची. 1953 नंतर बनलीच नाही ती."

"घाटात बंद पडली म्हणे."

"बंद कुठली? इंजिन ठणाणा ओरडत होतं, गाडी जागची हलेना, वर जळका वास. तेही शिंग्रोबाच्या देवळापाशी! ज्यानं इंग्रजाला घाटाची वाट दाखवली म्हणतात, त्याच्याच दारात इंग्रजाची गाडी अडली."

"मग प्लेट गेली असणार."

"सगळे तेच म्हणाले. मुंबईच्या एका गॅरेजवाल्यानं तर इंजिन उतरवा, प्लेट विलायतेहून मागवा, असा हिशेबच धरला शेठच्या हातात. आमच्या ह्यांनी आधी बेलहाउसिंगखाली हात फिरवला. तिथं तळाला एक भोक असतं, त्यात स्प्लिट पिन सैल लोंबत असते. गाडीबरोबर हलते म्हणून भोक बुजत नाही. आत ऑइल गळत असेल तर तिथून थेंब येतो. पिन कोरडी ठणठणीत! मग क्लचचं पेडल हातानं दाबलं, तर पहिल्यापासूनच जड. पाऊण इंच मोकळी चाल हवी, इथं काहीच नाही."

"घट्ट असलेलं बरंच की."

"तिथंच तर सगळे फसतात! प्लेट झिजते तशी चाल वाढत नाही, कमी होते. संपली की रिलीज बेअरिंग क्लचला टेकूनच राहतं, स्प्रिंगांना प्लेट पुरती दाबता येत नाही, ती घसरते. ह्या गाडीत तर बेअरिंगला गोळ्या नाहीत, कार्बनची कडी आहे. सारखी घासली की खल्लास."

"मग काय केलंत?"

"मी बॅटरी धरली. ह्यांनी खालच्या रॉडवरचा लॉकनट सैल केला, दुसरा नट थोडा फिरवला, पेडलला पट्टी लावली, परत फिरवला. पाऊण इंच भरल्यावर लॉकनट आवळला. मग हँडब्रेक ओढून टॉप गिअर टाकला नि क्लच सोडला. इंजिन धाडकन बंद."

"अगोबाई, बिघडलं?"

"बंद पडलं तेच बरं हो! चालू राहिलं असतं तर प्लेट अजून घसरतेय. थोडी जळलीय म्हणा, पण चाल बरोबर असूनही घसरत नाही तोवर इंजिन उतरवायला नको."

"मग आधी घट्ट केलं कोणी?"

"ड्रायव्हरनं. पेडल ढिलं वाटलं म्हणून नट पिळून ठेवला. शिवाय चढणीला ब्रेक न लावता गाडी अर्ध्या क्लचवर तोलून धरतो, नि सपाटीलाही पाय पेडलवरच, पायपोस असल्यासारखा. ह्यांनी शेठच्या देखत सुनावलं. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं."

"आमच्या मारुतीचापण बघतील का गो? काका पण तसेच चालवतात."

"तिची केबल असते, सोपं आहे. शनिवारी आणा. पण काकांना घरीच ठेवा."